अडवलेलं टपाल

“पोस्टमास्तर, तुमचं पान कुठं आहे?”

अच्युतबुवा पाटावर बसले होते. पानात मी वरणभात वाढला होता, त्यावर तूप, कडेला कैरीची डाळ आणि दुधीची भाजी. चित्राहुती घालून झाल्या होत्या, पण बुवांचा हात अजून भाताला लागला नव्हता.

“माझं मागून,” मी म्हणालो. “पाहुण्याचं झाल्याशिवाय यजमानानं बसायचं नसतं. हे मी तुम्हाला सांगायचं का?”

“सात दिवस हेच ऐकतोय. मागून म्हणजे कधी?”

“नवरात्राचा उपास आहे बुवा. दोन केळी खातो, झालं.”

“काल फळीवर चार केळी होती. आजही चारच आहेत.”

मी पळीभर तूप पुढं केलं. बुवांनी पानावर हात आडवा धरला. मग जेवायला लागले. जेवताना ते एरवी पुष्कळ बोलायचे. कुठल्या गावी पेटीवाला झोपी गेला, कुठं आरतीच्या वेळी तबक घेऊन माकड पळालं. त्या दिवशी त्यांनी ताक मागितलं, तेवढंच.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. कुरुंदवाडला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि माझ्या बायकोला, कुमुदला, जाऊन पाच. मुलगी ललिता इंदूरला. आमच्या रामाच्या देवळात चैत्रात नवरात्र बसतं. पाडव्यापासून अष्टमीपर्यंत रोज दुपारी चार वाजता कीर्तन, आणि नवमीला बाराच्या ठोक्याला जन्माचं. कीर्तनकार राजापूरकडचे अच्युतबुवा खांबेटे. अकरा वर्षं त्यांचा मुक्काम माझ्या घरी असायचा. कुमुद होती तेव्हा ती त्यांचं करायची. ती गेल्यावर देवस्थानचे अध्यक्ष बापूसाहेब इंगळे म्हणाले होते, “मास्तर, आता बुवांना आमच्या बंगल्यावर ठेवू. तुम्ही एकटे काय काय करणार?” मी हात जोडून त्यांना नको म्हणालो होतो.

कीर्तनाचं वेड मला लहानपणापासून. पण खरं सांगायचं तर मुक्कामाचा हट्ट तेवढ्यासाठी नव्हता. बाकीचं वर्षभर माझ्या घरात माझ्याशिवाय खोकणारंसुद्धा कुणी नसायचं. पातेलं एक, ताट एक. रेडिओवरचा बातम्या देणारा बोलायचा, त्याला मी कधीकधी उत्तर द्यायचो. चैत्र आला की मी दुसरी शेगडी पेटवायचो. पहाटे माजघरातून बुवांचा सूर लावल्याचा आवाज यायचा. आधी घसा साफ करणं, मग खालचा सा. मी अंथरुणात डोळे मिटून तो ऐकायचो आणि रामरायाला सांगायचो, एवढं चालू ठेव.

पोटाचा त्रास दिवाळीत सुरू झाला. आधी नुसती जळजळ. फराळ बाधला म्हणून मी ओवा खाल्ला, जिऱ्याचं पाणी घेतलं, सोडालिंबू घेतलं, औषधाच्या दुकानातून गुलाबी बाटली आणली. बाटलीनं चार दिवस बरं वाटायचं. मग पाचव्या दिवशी पुन्हा बेंबीच्या वर कुणी निखारा ठेवल्यासारखं. संक्रांतीनंतर अर्ध्या भाकरीतच पोट भरायला लागलं. मी सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी आणि प्रदोष होतेच. जेवायला नको वाटायचं त्या दिवशी पंचांगात काहीतरी सापडायचंच. धोतराला पट्टा नसतो, त्यामुळं कमी झालेली कंबर कुणाला दिसत नाही. देवळात बायका म्हणायच्या, मास्तरांच्या तोंडावर तेज आलंय हो उपासांचं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. रक्त कमी झालेला माणूस गोरा दिसतो, हे मला पुढं कळलं.

फाल्गुनाच्या सुरुवातीला जिना चढताना घेरी आली, तेव्हा मी आमच्या डॉक्टर आवटींकडं गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली.

“शौचाला कसं होतं?”

“होतं व्यवस्थित.”

“रंग विचारतोय मास्तर.”

“काळा. डांबरासारखा.”

“लोहाच्या गोळ्या घेताय का?”

“नाही.”

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. “ऐका. जळजळ सगळ्या गावाला आहे, त्यातल्या बहुतेकांना मी गोळी देऊन घरी पाठवतो. पण तुमचं वय त्रेसष्ट. आयुष्यात कधी पोटाची तक्रार नव्हती आणि आता एकदम सुरू झाली. वजन उतरलंय, दोन घासांत पोट भरतं आणि शौचाला काळं होतंय. यातली एक गोष्ट असती तरी मी तुम्हाला पोटाच्या डॉक्टरकडं पाठवलं असतं. तुमच्याकडं चारही आहेत.” त्यांनी मिरजेच्या डॉक्टरणीच्या नावानं चिठ्ठी लिहिली, लखोट्यात घातली, वर नाव आणि तारीख घातली. “या आठवड्यात जायचं. दुर्बिणीनं बघतील. सोबत कुणालातरी न्या.”

मी घरी आलो. पाडव्याला जेमतेम महिना होता. मिरजेला गेलो तर ते ठेवून घेतील, कापाकापी निघेल, ललिताला यावं लागेल. आणि एकदा बुवा बंगल्यावर गेले की गेले. तिथं पंखे होते, स्वयंपाकाला बाई होती. मी लखोटा देवघरातल्या रामाच्या तसबिरीखाली सरकवला. नवमी झाली की जाईन म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाचं साधं कार्ड एक दिवस अडवलं नव्हतं.

त्या सप्तमीच्या दुपारी बुवा जेवून हात धुवायला उठले, मग देवघरात गेले. पंचांग बघायचंय म्हणाले. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा हातात पंचांग नव्हतं.

चार वाजता देवळात नेहमीची माणसं. मी खांबाशी, पुढच्या ओळीत. बुवांनी बुक्का लावून घेतला, झांज हातात घेतली, पूर्वरंग नेहमीसारखा झाला. मध्यंतरी हार घालून झाला आणि उत्तररंगाला त्यांनी एक गोष्ट काढली. ती मी अकरा वर्षांत कधी ऐकली नव्हती.

“एक राजा होता. त्याच्याजवळ एक जासूद होता. निरोप पोचवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ऊन असो, पूर असो, लखोटा वेळेवर. एक दिवस राजानं त्याला लखोटा दिला आणि सांगितलं, हा पलीकडच्या गावच्या वैद्यबुवांना नेऊन दे. जासूद निघाला. वाटेत लागली धर्मशाळा. तिथं काय होतं? शीतळ छाया होती. गरम खिचडी होती.” बुवांनी खिचडीवर फुंकर मारून दाखवली, देऊळ हसलं. “आणि बोलायला माणसं होती. जासुदाला वाटलं, चार दिवस राहू या. लखोटा कुठं पळतोय? उशाखालीच तर आहे. रोज सकाळी तो लखोट्याला हात लावायचा आणि म्हणायचा, उद्या.”

झांज वाजली. पेटीवाल्यानं सूर धरला. बुवा नाचत नाचत पार मागच्या ओळीपर्यंत गेले आणि परत आले. सबंध गोष्टीत त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

“उद्या उद्या करता महिना गेला. एक दिवस जासूद धर्मशाळेच्या पायरीवर पडला, तो उठला नाही. लोक जमले. उशाखाली लखोटा सापडला, तो कुणीतरी फोडला. आत राजाच्या हातच्या दोन ओळी. ‘वैद्यराज, हे पत्र घेऊन येणारा माझा माणूस आजारी आहे. त्याला ते सांगितलं तर तो काम सोडून बसणार नाही, म्हणून काम सांगूनच पाठवतो आहे. त्याला वाचवा.’”

बुवांनी झांज कानाशी नेऊन एकदाच हलकी वाजवली आणि नामगजर धरला. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या धरल्या.

बाहेर पडताना बापूसाहेब म्हणाले, “आज काहीतरी नवीनच लावलं बुवांनी. कुठल्या पोथीतलं हो, मास्तर?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

दिवेलागणीला आम्ही घरी आलो. बुवांनी पायावर पाणी घेतलं आणि झोपाळ्यावर बसले. मी देवापाशी निरांजन लावलं. लखोटा तसबिरीखालून काढून वर ठेवला होता, नाव दिसेल असा.

“फोडला नाही मी,” बुवा बाहेरून म्हणाले. “दुसऱ्याच्या नावचं टपाल. पण वर तारीख आहे, ती दिसली.”

“नवमी झाली की जाणारच होतो.”

“फाल्गुनात कुठली नवमी होती?”

मी उंबऱ्यावर बसलो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “दवाखान्यात अडकलो असतो तर तुमचा मुक्काम बंगल्यावर गेला असता. आणि एकदा गेला की परत इथं आला नसता.”

बुवांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. “माझ्यासाठी पोट जाळत बसलात?”

“तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. पहाटे घरात दुसऱ्या माणसाचा घसा ऐकू येतो, त्यासाठी.”

बुवा म्हणाले, “मी वर्षाला चाळीस घरांत राहतो मास्तर. प्रत्येक घरी मला पाट मिळतो, तूप मिळतं. यजमान मागून जेवतो आणि मी एकटा जेवतो. माझ्यासमोर बसून कुणी दोन घास खाल्लेत, असं शेवटचं कधी झालं ते आठवत नाही.” मग एकदम कामाला लागल्यासारखे म्हणाले, “उद्या सकाळची पहिली गाडी किती वाजता?”

“सहा. पण उद्या अष्टमी, परवा जन्म. दशमीला आपण दोघंच जाऊ. डॉक्टरांनी सोबत न्यायला सांगितलंय, तुम्ही असलात तर...”

“तो जासूदही असंच म्हणाला होता.”

“मग तुम्ही उद्याच चला. चारच्या आत परत येऊ.”

बुवांनी नकारार्थी मान हलवली. आमच्या देवळाचा रिवाज असा की नवरात्र बसलं की कीर्तनकारानं नवमीचा गुलाल पडेपर्यंत वेस ओलांडायची नाही. मला तो पक्का माहीत होता. बापूसाहेबांच्या आजोबांपासून कुणी मोडला नव्हता. तरी मी विचारलं होतं.

“वेशीपर्यंत येईन,” बुवा म्हणाले.

सकाळी ते अनवाणी माझ्याबरोबर चालत वेशीच्या मारुतीपर्यंत आले. माझी पिशवी त्यांच्या खांद्यावर होती. गाडी तिथंच थांबते. पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी कपाळाला बुक्का लावला आणि म्हणाले, “लखोटा हातात ठेवा. पिशवीत टाकू नका, पुन्हा विसराल.” गाडी सुटली. मागच्या काचेतून पाहिलं तर मारुतीच्या कट्ट्याला पाठ लावून ते उभे होते. वळण येईपर्यंत उभेच होते.

मिरजेच्या दवाखान्यात नर्सनं नाव विचारलं, वय विचारलं, मग पेन थांबवून वर पाहिलं.

“बरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“नातेवाईक? शेजारी?”

“सोडायला आले होते. वेशीपर्यंत.”

तिला ते कळलं नाही. “सकाळपासून काही खाल्लंत? दुर्बिणीला पोट रिकामं लागतं.”

“नवरात्राचा उपास आहे.”

“म्हणजे साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी?”

“नाही बाई. खरंच उपाशी आहे.”

डॉक्टर शेटे वयानं ललितापेक्षाही लहान असतील. त्यांनी लखोटा फोडला, चिठ्ठी वाचली, तारखेवर बोट ठेवलं.

“ही चिठ्ठी महिन्यापूर्वीची आहे, आजोबा.”

“टपाल उशिरा पोचलं.”

“कुणाच्या चुकीनं?”

“पोस्टमास्तरच्या.”

सोबत कुणी नाही म्हणून झोपेचं इंजेक्शन देता येईना. घशात नुसता औषधाचा फवारा मारला आणि नळी आत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नर्सनं माझा हात धरला, पण तिला दुसऱ्या हातानं मशीनचं काहीतरी धरायचं होतं म्हणून सोडावा लागला. मी मनातल्या मनात झांजेचा ठेका धरला. दोन लहान, एक मोठा. तेवढ्यावर निभावलं.

नंतर डॉक्टर स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. जठराच्या खालच्या टोकाला जखम होती, त्यातून रक्त झिरपत होतं. जखमेची एक कड त्यांना बरी दिसली नव्हती. तिचा तुकडा तपासायला पाठवला होता. “माझ्याकडं आठवड्याला शंभर माणसं जळजळ घेऊन येतात,” त्या म्हणाल्या. “बहुतेकांना मी चहा कमी करा, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका, एवढंच सांगून परत पाठवते. ती विनाकारण घाबरून येतात, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्यासारखी माणसं घाबरत नाहीत, त्याचंच वाटतं. आज घरी जायचं नाही. अंगात रक्त निम्मं उरलंय.”

नवमीला मी वॉर्डात होतो. समोर भिंतीवर घड्याळ, हाताला रक्ताची बाटली. अकराला बुवा उभे राहिले असतील. साडेअकराला पाळण्याची दोरी कुणाच्या हातात असेल, दरवर्षी ती माझ्या हातात असायची. बाराला काटे जुळले तेव्हा मी सुई लागलेला हात तसाच उचलून दुसऱ्याला जोडला.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको डाळिंब सोलत होती. “काय झालं काका? दुखतंय का?”

“नाही. रामजन्म झाला.”

तिनं डाळिंब मांडीवर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि पुन्हा सोलायला लागली.

दशमीला दुपारी बुवा आले. कपाळावर अजून गुलाल होता, खांद्याला प्रवासाची पिशवी. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांनी कागदाची पुडी काढली. सुंठवडा होता.

“डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. तुम्ही खायचा नाही. नुसता वास घ्यायचा.”

मी वास घेतला. सुंठ, साखर, खोबरं. बुवा खाटेच्या कडेला टेकले आणि चिमूट तोंडात टाकली. “मी तुमच्यासमोर खातो. पुढच्या वेळी तुम्ही माझ्यासमोर खायचं.”

“पुढच्या वेळी मुक्काम कुठं, ते बापूसाहेब ठरवतील.”

“हो,” ते म्हणाले. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. “ते तुम्हाला त्रास देणार नाहीत आता. चांगला माणूस आहे तो.” मग म्हणाले, “मास्तर, बिदागी मागतो. दर सोमवारी एक कार्ड टाकायचं राजापूरच्या पत्त्यावर. राम कसा आहे ते नको. तुम्ही काय जेवलात ते लिहायचं. मला उत्तर लिहायचा कंटाळा आहे, वाट बघू नका.”

तुकड्याचा अहवाल वाईट आला. पण रोग अजून जठराच्या भिंतीतच होता, बाहेर पडला नव्हता. डॉक्टर शेटे म्हणाल्या, आणखी दोनतीन महिने गेले असते तर त्या माझ्याशी वेगळं बोलल्या असत्या. अर्धं जठर काढलं. ललिता महिनाभर राहिली, मऊ भात करायला शिकवून गेली. दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खायचं, असा नेम लागला. आयुष्यभर उपास मोजणारा मी, आता जेवणं मोजायला लागलो.

पुढच्या पाडव्याला बापूसाहेब घरी आले. “मास्तर, तुमचं अर्धं पोट. तुम्हाला कशाला दगदग? बुवांची सोय बंगल्यावर केलीय.” ते प्रेमानंच म्हणाले. मी मान डोलावली. ज्यासाठी लखोटा अडवला होता ते गेलंच. कीर्तनानंतर बुवांभोवती बंगल्याची माणसं असायची. गर्दीतून जाताना ते माझ्याजवळ क्षणभर थांबायचे आणि हळूच म्हणायचे, “आषाढात शिरा जरा जास्त झाला होता तुमचा,” किंवा, “कार्तिकात दोन सोमवार कार्ड नाही. जेवला नव्हतात?” म्हणजे प्रत्येक कार्ड वाचलेलं असायचं.

सात वर्षं मी कार्डं लिहिली. पहाटे घरात माझाच घसा. सोमवारी मात्र लिहायला कुणीतरी असायचं.

आठव्या वर्षी श्रावणात दुपारी बाराच्या सुमाराला पोस्टमन दारात आला. माझ्याच हाताखाली नोकरीला लागलेला, आता केस पिकलेला सदाशिव. एरवी तो पायरीवरूनच टपाल टाकायचा. त्या दिवशी चप्पल काढून आत आला, कार्ड माझ्या हातात दिलं आणि पाणीसुद्धा न मागता गेला.

पत्त्यावर लाल शाईनं शेरा होता. मालक मयत सबब परत. ज्याच्या नावचं पत्र तो पत्राचा मालक, आणि तो गेला की हे चार शब्द. नवीन पोस्टमनना मीच शिकवायचो, शेरा सुवाच्य लिहा, ज्याच्या हातात परत जाणार आहे त्याला दोनदा वाचावा लागू नये. राजापूरच्या माणसानं फार सुंदर अक्षरात लिहिला होता. मला एकदाच वाचावा लागला.

कार्ड उलटलं. मागं माझंच अक्षर. “बुवा, आज पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्ली. सोबत मेथी. त्रास नाही.”

मी कार्ड देवघरात नेलं आणि तसबिरीखाली न सरकवता वर ठेवलं, अक्षर दिसेल असं. बारा वाजले होते. माझी दिवसातली तिसरी जेवणाची वेळ. गिळवत नव्हतं, पण मऊ भात तयार होता. मी दोन पाट मांडले, एकावर बसलो, ताट पुढं ओढलं.

“माझं पान इथं आहे, बुवा,” मी म्हणालो, आणि पहिला घास घेतला.